कोण आलं नाही? मंडळीतल्या प्रत्येक माणसाच्या मोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या ख्रिस्ती समाजात, बायबल अभ्यास संपून चहा फिरू लागला की जे प्रश्न निघतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही वडीलमंडळींचे, काही महिला मंडळातल्या बायकांचे, काही तरुण पोरांचे आणि दोन-तीन अगदी बाहेरच्यांचे. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असो, कॅथोलिक पॅरिश असो, मेथडिस्ट असो की कुणाच्या ओसरीत भरणारी प्रार्थनासभा, प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं मात्र एका माणसाच्या समजुतीची आहेत. पटली नाहीत तर बायबल उघडून खुशाल भांडावं.

‘देवाला प्रत्येक माणूस मोलाचा’ हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. त्यात नवीन काय?

नवीन काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की आता कुणालाच टोचत नाही. म्हणून एक साधी परीक्षा घ्या. मागच्या रविवारी उपासनेला कोण आलं नव्हतं, ते आठवा. डॉक्टरसाहेब नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेटी वाजवणारा आला नाही तर गाण्यातच कळतं. पण दाराजवळ चप्पल काढायच्या जागेपाशी बसणारी मावशी सलग तीन रविवार दिसली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं? जिच्या नसण्यानं आपलं काहीच अडत नाही, तिच्या मोलाबद्दल आपण नेमकं काय मानतो, ते तिथं उघडं पडतं.

याला बायबलात आधार काय? एक-दोन वचनं सांगा, म्हणजे कमिटीत सांगता येईल.

पहिला आधार अगदी पहिल्या पानावर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवानं मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर आणि नारी अशी ती निर्माण केली, असं लिहिलंय. हे लिहिलं गेलं त्या काळी मिसर (इजिप्त) आणि बाबेल (बॅबिलोन) या बाजूंना देवाचं प्रतिरूप राजाला म्हणत. राजाला म्हणायचे ते शब्द बायबलनं विटा पाडणाऱ्या गुलामालाही लावले. त्यात शिक्षण, कमाई, बुद्धी, तब्येत यांची अट कुठंच घातलेली नाही.

पाप झाल्यावर ते प्रतिरूप पुसलं गेलं असंही म्हणता येत नाही. जलप्रलयानंतर, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, माणसाचा जीव घेऊ नये याचं कारण म्हणून तेच प्रतिरूप पुन्हा सांगितलंय. नव्या करारातला याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्याच आधारे तोंडाला लगाम घालायला सांगतो: ज्या जिभेनं देवाची स्तुती करता, तिनंच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शिव्या कशा देता? कमिटीच्या बैठकीत सुरुवातीला वाचायला हा उतारा चांगला आहे. आमच्याकडच्या बैठका कशा होतात ते तुम्हाला माहीत आहेच.

एका मेंढरासाठी नव्याण्णव रानात सोडून जायची, हा कुठला व्यवहार?

हा प्रश्न शहरातला माणूस विचारत नाही. ज्याच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत तोच विचारतो, आणि बरोबर विचारतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात नव्याण्णव कुणाच्या ताब्यात दिली हे लिहिलेलं नाही. रानात सोडली, एवढंच आहे. काही भाष्यकार तिथं सोबतचा दुसरा मेंढपाळ आणून बसवतात. समजूत चांगली आहे, पण मजकुरात ती नाही.

मला त्या गोष्टीत न सांगितलेली पायरी महत्त्वाची वाटते. शंभरातलं एक गेलं हे त्याला कळलं कसं? धनगर संध्याकाळी जाळी लावून मेंढरं आत घेतो तेव्हा मोजतो. आणि नुसती मोजत नाही. कुठलं गेलं हेही त्याला कळतं, कारण लंगडी कोण, कानाला चीर कुणाला, कोण मागं रेंगाळतं, हे त्याच्या डोळ्यांत असतं. आपण मंडळीत शोध घ्यायची भाषा करतो आणि मोजणीच करत नाही. वार्षिक अहवालात ‘सुमारे दोनशे सभासद’ असं लिहितो. त्या ‘सुमारे’त किती घरं गेली कोण जाणे.

आणि ही गोष्ट येशूनं कुणाला सांगितली? तो पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना. म्हणजे नव्याण्णवांची बाजू घेऊन वाद घालणारे लोक तिथंही समोरच बसले होते.

आमची निम्मी मंडळी दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जाते. त्यांना मंडळीत कसं धरायचं?

बीड, धाराशिव, जालना, परभणी इकडच्या मंडळ्यांसाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि यावर प्रवचनं फारशी ऐकू येत नाहीत.

टोळी निघते तेव्हाचं दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचे डबे, पाण्याचा पिंप, गोधड्यांचं गाठोडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. मागं दारात म्हातारी आणि शाळेच्या वयाची नातवंडं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल त्या कोयत्यावर मिळते, आणि हिशोब मुकादम बहुतेक वेळा नवऱ्याशीच करतो. पहाटेपासून मोळ्या उचलणाऱ्या बाईच्या हातात स्वतःच्या कामाचा वेगळा पैसा येतच नाही. खाडा झाला की दंड, म्हणून आजार अंगावर काढायचा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय इतका वाढला की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांत आपल्या मंडळीतल्या बायका नव्हत्या असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आता मंडळीचं वर्ष बघा. नाताळ डिसेंबरात, तेव्हा ही माणसं सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर. आपण इथं सजावट करून प्रवासात बाळंत झालेल्या मरियेची गोष्ट सांगतो, आणि आपल्याच मंडळीतली दिवस गेलेली सून तिकडं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, असते. वार्षिक सभा आणि कमिटीची निवडणूक जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे ज्यांचं मत कधीच पडत नाही असे सभासद आपण तारीख ठरवूनच तयार करतो. वर्गणी थकली म्हणून यादीतून नाव गेलं, तर तो कहर.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. टोळी निघायच्या आधीच्या रविवारी नावं घेऊन प्रार्थना करा. ‘आमचे ऊसतोड बांधव’ असं मोघम म्हणू नका, एकेकाचं नाव घ्या, बाईचंही. कुठला कारखाना, मुकादम कोण, फोन कुठला लागतो, हे वहीत लिहून ठेवा. मागं राहिलेल्या म्हातारीच्या घरी आठवड्यातून एकदा कोण जाणार, ते ठरवा. मुलांसाठी शाळांमार्फत हंगामी वसतिगृहं चालतात आणि शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. अर्ज भरून द्यायला मंडळीतलं एक शिकलेलं पोरगं पुरतं. सभा, बाप्तिस्मे, दृढीकरण एप्रिल अखेरीस किंवा मेमध्ये घ्या. ऊन असतं, मान्य. पण माणसं असतात.

पाच वाजता कामाला आलेल्याला दिवसभर राबलेल्याएवढीच मजुरी! हा अन्याय नाही का?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीवर हा आक्षेप दरवेळी येतो. गंमत म्हणजे पगारदार माणसाला ही गोष्ट खटकते आणि नाक्यावर उभं राहणाऱ्याला चटकन कळते.

लातूर असो की जालना, सकाळी मजूर अड्ड्यावर काय होतं? मुकादम किंवा ठेकेदार येतो, दंड बघतो, वय बघतो. तरणेबांड आधी उचलले जातात. मग जरा बरे. दहा वाजेपर्यंत जे उरतात ते म्हातारे, हात थरथरणारे, पोर कडेवर असलेल्या बाया. मळ्याचा धनी संध्याकाळी पाच वाजता विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? त्यांचं उत्तर नीट वाचा. आम्हाला कुणी कामावर लावलं नाही, असं ते म्हणतात. ते आळशी नव्हते, त्यांना कुणी निवडलं नव्हतं. आणि भूक मात्र पूर्ण दिवसाची होती. एक दिनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी, घराची चूल एक दिवस पेटण्याचा खर्च. धन्यानं कामाचे तास बघितले नाहीत, चूल बघितली.

पहिल्यांना त्यानं ठरल्याप्रमाणे दिलं, एक पैसाही कापला नाही. त्यांची तक्रार आपल्याला कमी मिळालं अशी नव्हतीच. ‘त्यांना आमच्या बरोबरीचं केलंस’ अशी होती. मंडळीतली निम्मी भांडणं या एका वाक्यात बसतात.

जाता जाता, बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावेत अशी आज्ञा आहे. चर्चच्या रंगकामाची मजुरी महिना-महिना थकवणाऱ्यांनी ती वाचावी.

मंडळीत जात आहे का? खरं सांगा.

आहे. उपासनेत दिसत नाही. सोयरीक जमवताना दिसते, कमिटीच्या निवडणुकीत दिसते, दफनभूमीत कुठल्या कोपऱ्यात कुणाच्या कबरी आहेत त्यात दिसते. ‘आमच्यात तसलं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की तुमच्या पोरीला स्थळ सांगून आलं तर दुसरा प्रश्न कोणता विचारता?

आपल्या भागाचा इतिहास यात उपयोगी पडतो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरात जन्मलेले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. पुढं त्यांनी जालना भागात काम केलं, तेही मुख्यतः मांग आणि महार समाजात, आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. निजामाच्या मुलखात, त्या काळात, ब्राह्मण घरातला माणूस मांगवाड्यात बसून जेवतोय, ही केवढी गोष्ट होती याची आज कल्पना करणं अवघड आहे. पण नव्या गावात शेजारी-शेजारी घरं बांधली म्हणून मनातले वाडे मोडतात असं नाही. महार आधी आले की मांग, शिकले कोण, मास्तर कोण झाले, मिशनच्या बंगल्यावर कामाला कोण होतं, याच्या कहाण्या आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या, आणि त्या कहाण्यांबरोबर उतरंडही खाली आली.

नव्या करारात यावर एक प्रसंग आहे, त्याची आठवण फार कमी काढली जाते. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो: येशूचा प्रमुख शिष्य पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेकडची यहूदी माणसं आली आणि तो पंगतीतून मागं सरला. तोंडानं काही वाईट बोलला नाही, फक्त दुसरीकडं जेवायला लागला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर सुनावलं. पेत्रासारख्या माणसाला! त्याच्या लेखी हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता, हे सुवार्तेच्या सत्याविरुद्ध वागणं होतं. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीतून कुणी असा हळूच मागं सरतो तेव्हा पाळकसाहेबही ‘जाऊ द्या, जुनी माणसं आहेत’ म्हणतात.

एक गुंता कायद्याचाही आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात धरले गेले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यामुळं कितीतरी घरांत कागदावर एक ओळख आणि रविवारी दुसरी. अशा कुटुंबाकडं संशयानं बघणं, ‘हे पक्के नाहीत’ म्हणून कुजबुजणं, हा आपल्या मंडळ्यांतला आवडता उद्योग आहे. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी बापानं कोणता कागद जपला, यावरून त्याचा विश्वास तोलायचा अधिकार तुम्हाला-मला कुणी दिला?

आणि आंतरजातीय लग्न केलं म्हणून एखाद्या घराशी बोलणं-चालणं बंद करण्याचा ठराव कुठल्या पंचांनी घेतलाच, तर लक्षात असू द्या: महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. पंच ख्रिस्ती आहेत म्हणून सूट नाही.

बायका मंडळीचं सगळं काम करतात. मग निर्णय कुठं घेतात?

स्वयंपाकघरात. आणि तिथं घेतलेला निर्णय कमिटी आठवड्यानं जाहीर करते.

गंभीरपणे सांगायचं तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, कॅथोलिक चर्चमध्ये धर्मगुरू पुरुषच असतात. तो वाद इथं उकरत नाही. पण कमिटीवर किती बायका, हिशोबाच्या वहीवर सही कुणाची, बायबल वाचायला कुणाला उभं करतात, हे कुठल्याही मंडळीत आज बदलता येतं. आणि टाकलेल्या बाईचं बघा. नवऱ्यानं सोडलेली, माहेरी परत आलेली, दोन पोरांची आई महिला मंडळात मागं बसते आणि ‘विवाहित जोडप्यांचा रविवार’ आला की येतच नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर भर दुपारी एकटी आलेल्या, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईशी येशू जेवढा वेळ बोलला, तेवढा लांब संवाद शुभवर्तमानांत क्वचितच कुणाशी झालेला सापडेल.

आमचं मूल मतिमंद आहे. उपासनेत ओरडतं, लोक मागं वळून बघतात. आम्ही यायचं बंद केलं. चुकलं का?

तुमचं चुकलं नाही. वळून बघणाऱ्यांचं चुकलं.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. दोन हजार वर्षं झाली, तरी प्रार्थना करायला घरी आलेली माणसं तुमच्याकडं बघून तोच प्रश्न मनात घोळवतात, आणि काही तर बोलूनही दाखवतात. त्यांना तो अध्याय वाचायला द्या.

मंडळीसाठी दोन गोष्टी. पहिली, बार्तीमय आंधळा होता हे यरीहोत सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आपण विचारत नाही, आपणच ठरवतो. चाकाची खुर्ची भेट देऊन फोटो काढतो आणि चर्चच्या चार पायऱ्या तशाच ठेवतो. दुसरी, २ शमुवेलच्या नवव्या अध्यायात दोन्ही पायांनी अधू असलेला मफीबोशेथ दावीदाच्या पंगतीला रोज जेवतो. राजाच्या पोरांसारखा तो मेजावर बसला, असं तिथं लिहिलंय. त्याला ताट घरपोच पाठवणं दावीदाला सोपं होतं. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या, नाताळच्या नाटकात त्या पोराला एक काम द्या. मेंढपाळांच्या घोळक्यात एक पोरगं मध्येच ओरडलं तर बेथलेहेमचं काही बिघडत नाही.

एक जण दारू पिऊन येतो. त्यालाही मोलाचाच म्हणायचं का?

म्हणायचं. पण मोल मानणं म्हणजे गोंधळ चालू देणं नाही. त्याच्या बायकोलाही मोल आहे, आणि ती मार खाऊन आलेली असेल तर त्या दिवशी आधी तिचं बघायचं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडं येशू आपणहून जेवायला गेला, लोकांनी नावं ठेवली तरी गेला. पण त्या जेवणानंतर जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. घरी जाणं आणि हिशोब, दोन्ही झालं. पिणाऱ्याला शुद्धीत असताना, शनिवारी सकाळी, दोघांनी जाऊन भेटावं. रविवारी दारात अडवून चारचौघांत झापण्यात सुधारणा कमी आणि आपली शोभा जास्त होते.

कर्जापायी एकानं जीव दिला. काही जण म्हणाले, त्याला चर्चमधून माती देऊ नका. बायबल काय म्हणतं?

आत्महत्या करणाऱ्याला माती देऊ नका असं बायबलात कुठंही लिहिलेलं नाही. चर्चच्या जुन्या नियमांत कडकपणा होता हे खरं. पण कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेत ज्यांना दफनविधी नाकारायचा त्या यादीत आत्महत्या केलेल्यांचा उल्लेख उरलेला नाही, आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असंच आता शिकवलं जातं. बहुतेक प्रोटेस्टंट पाळकही आज विधी करतात. एलीयासारखा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला होता. देवानं त्याला झापलं नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, वाचून बघा.

शासनाच्या मदतीसाठी मेलेला शेतकरी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समितीत ठरतं. जमीन नावावर होती का, कर्ज कुणाचं होतं, अशा अटींवर ते ठरतं. मंडळीनं आपली वेगळी पात्र-अपात्रतेची यादी करू नये. विधवेच्या घरी दहाव्या-पंधराव्या दिवसानंतर कुणी फिरकत नाही, खरी गरज तिथून सुरू होते: वारसाची नोंद, बँकेच्या खेपा, सासरच्यांशी जमिनीवरून वाद. या खेपांना तिच्याबरोबर जाणारं माणूस हवं.

आणि जो अजून जिवंत आहे, गप्प झालाय, फवारणीची बाटली घरात जवळ ठेवतोय, त्याच्याकडं आजच जा, एकटं सोडू नका, बाटली घरातून हलवा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या. नुसती प्रार्थना करून घरी निघून येऊ नका.

जास्त दान देणाऱ्याला थोडा मान दिला तर बिघडलं कुठं?

सुगीच्या सणाचा लिलाव आठवा. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा, उसाची मोळी. मग बोली सुरू होते. गावरान कोंबडा हजाराला जातो, टाळ्या पडतात, घेणाऱ्याचं नाव माईकवरून तीनदा पुकारलं जातं. हौस आहे, मंडळीला चार पैसेही मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्या ढिगात कुणीतरी फडक्यात बांधून मूठभर शेंगदाणे ठेवलेले असतात. ते लिलावात निघतच नाहीत, शेवटी गोळा करून स्वयंपाकघरात जातात. कुणी आणले, हे कुणी विचारत नाही.

येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून बघत होता, असं मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, टाकणाऱ्या विधवेकडं त्यानं शिष्यांना बोलावून लक्ष वेधलं. तिला मात्र पुढं बोलावलं नाही, तिचा सत्कार केला नाही, तिचं नावही लिहिलेलं नाही. त्याच्या आधीच्याच ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तो तुटून पडलाय, हे विसरून त्या गोष्टीवर दानाचं प्रवचन करतात, ते मला तरी पचत नाही. संगमरवरी पाटीवर नावं कोरायची असतील तर कोरा. पुढच्या खुर्च्या मात्र गुडघे दुखणाऱ्या आज्यांसाठी ठेवा.

हे सगळं आपल्याच माणसांपुरतं का? आणि बाहेरचे म्हणतात, तुम्ही मदत करून बाटवता. त्यांना काय सांगायचं?

आपल्यापुरतं नाही. प्रतिरूपाची गोष्ट पहिल्या अध्यायातली आहे, तेव्हा ख्रिस्ती कुणीच नव्हतं. आणि ही जाण फक्त आपल्याच घरची आहे अशा तोऱ्यातही राहू नका. पैठणला एकनाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. तिचा आदर करावा.

बाटवण्याच्या आरोपाला चिडून उत्तर देऊ नका. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, एक परत येऊन आभार मानतो. येशू बाकीच्या नवांबद्दल विचारतो जरूर, पण त्यांचं कुष्ठ परत आलं असं लिहिलेलं नाही. जे परत आले नाहीत त्यांचंही बरेपण टिकलं. मदत करताना समोरचा पुढच्या रविवारी येईल का, असा हिशोब मनात असेल, तर आपण त्या माणसाला अहवालातला आकडा केलाय, आणि मग आरोपात तथ्य आहे.

म्हातारी माणसं घरी एकटी आहेत, पोरं पुण्याला कामाला. त्यांच्यासाठी काय करावं?

प्रभुभोजन घरी नेऊन द्या. डोळ्यांना दिसत नसेल तर पोरांना वाचून दाखवायला पाठवा, आणि नुसतं वाचून परत येऊ नका म्हणावं. त्यांच्याकडून जुनी गाणी, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं शिकून या म्हणावं. आज्जीला मदत नको असते, कुणीतरी तिला काही विचारलेलं हवं असतं.

आमची मंडळी वीस घरांची. पैसा नाही, माणूस नाही. सुरुवात कुठून करू?

शंभर पानी वही आणा. घरटी एक पान. घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, तान्ह्या पोराचं, अंथरुणाला खिळलेल्याचं, रागावून यायचं बंद केलेल्याचंही. ‘अमक्याची बायको’ असं लिहू नका, तिचं नाव विचारा. कित्येक ठिकाणी इथंच घोडं अडतं, वीस वर्षं ओळखीच्या बाईचं नाव माहीत नसतं. रविवारी उपासना सुटल्यावर पाच मिनिटं वही उघडा, कोण आलं नाही ते बघा, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या घरी जाऊन या. ‘का आला नाहीत’ असा जाब विचारायला नको. ‘दिसला नाहीत, म्हणून आलो’ एवढं पुरे.

पाळकसाहेबांची बदली झाली की असलं सगळं बंद पडतं. मग?

म्हणून वही पाळकसाहेबांकडं ठेवू नका. महिला मंडळाकडं ठेवा आणि दर वर्षी हात बदला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या, तक्रार झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःकडं न ठेवता सात जणांकडं सोपवलं. त्या सातांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. तुमच्याकडं ऊसतोडीला जाणारी घरं जास्त असतील तर वही त्यांच्यातल्याच एखादीकडं द्या. ती फडावर असेल तेव्हा तिच्या सासूकडं. सासूला लिहिता येत नसेल तर नातवंडं लिहितील.